मांजा उतरवताना

बाप विणकर होता, तांडापेठेत.
मीही धागाच गुंडाळला, पण डिफेन्सच्या शेडमध्ये,
काळा, कार्बनचा, डिंकात भिजलेला,
फिरत्या साच्यावर तिरप्या ओढीने
थरावर थर, एकतीस वर्षं.
आत काय भरतात ते आम्हाला सांगत नसत.
आम्ही विचारतही नव्हतो.
पगार वेळेवर व्हायचा.

पोरगी अश्लेषा माझ्या पुढे गेली.
हैदराबादेत ती असं काही जुळवते
जे येणाऱ्या अस्त्राला आभाळातच गाठतं.
"बाबा, हे मारत नाही कोणाला.
मारायला आलेल्याला अडवतं फक्त."
संक्रांतीला, गच्चीवर,
तिळाची वडी दाढेखाली ठेवून बोलली
आणि मी तिची चक्री धरून उभा.
निनाव्यांची दुरंगी पतंग वर चढत होती.
ओ काट!
तीन गच्च्यांवरून एकदम पिपाण्या.

मी म्हटलं, मांजाही कोणाला मारत नाही.
तो फक्त दुसरा मांजा कापतो.

ती हसली. हसली की आईसारखी दिसते,
म्हणून मी वाद पुढे नेला नाही.

खरं सांगायचं तर मला तिचं पटतंही.
त्या मे महिन्यात भोंग्याचा सराव झाला,
दिवे मालवले, कूलरसुद्धा बंद,
भिंती तव्यासारख्या,
आणि हिच्या आईने अंधारात विचारलं,
"आपल्याइथं काहून येईन जी? आपण तं मधोमध."
झिरो माइलचा दगड सगळ्यांपासून सारखाच दूर,
हे शाळेत छाती फुगवून पाठ केलेलं.
त्या रात्री कळलं,
सारखाच दूर म्हणजे सारखाच जवळ.
मी म्हणालो, झोप. वर पोरीचं जाळं आहे.
ती झोपली.
त्या झोपेला मी खोटं म्हणणार नाही.

फक्त तेव्हापासून एक माणूस मला दिसतो,
सीमेपलीकडचा, माझ्याच वयाचा,
नखांत तसाच डिंक.
आमच्या जाळ्याची बातमी ऐकून
तो साच्यावर आणखी चार थर चढवतो.
माझी बायको झोपली त्या रात्री
त्याची उठून बसली असेल.

किंक्रांतीच्या संध्याकाळी
कडुनिंबात पिंगळा अडकला.
कोणी कोणाची कापली होती, जिंकलं कोण,
त्याला काय माहीत.
नायलॉन पंखाच्या मुळाशी रुतलेला.
अश्लेषाने शिडी लावली,
कात्रीने एकेक फेरा सोडवत राहिली,
आणि वरूनच, पिंगळ्याला सांगावं तशी, म्हणाली,
"उपग्रह फोडला ना, की तुकडे फिरत राहतात.
वर्षानुवर्षं. ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर.
बोटाच्या पेराएवढा तुकडा,
तो कुणाचा, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं."

"मग ते उतरवतं कोण?"

फांदीआड बराच वेळ फक्त कात्रीचा आवाज.
"तिथं शिडी पोचत नाही, बाबा."

पिंगळ्याला तिळगुळाच्या रिकाम्या डब्यात ठेवून
ती सकाळच्या विमानाने गेली.
बोटाला पट्टी होती. तिने दाखवली नाही,
मी पाहिली नाही.

उतरवलेला मांजा मी बापाच्या कांडीवर गुंडाळला,
हाताला सवय आहे म्हणून.
सव्वाशे हात भरला.
उकिरड्यावर टाकावा तर गायी खातात,
जाळावा तर गल्लीभर धूर.
अजून कपाटात आहे,
नळाच्या पावत्यांच्या मागे.

रात्री तिचा फोन. "पिंगळा?"
"उडाला," मी म्हटलं.
"कोणत्या दिशेला?"
सवयीने विचारलं तिने, तिचं कामच ते.

आवारात, कडुनिंबाखाली,
ताज्या उकरलेल्या मातीवर चप्पल टेकवून
मी क्षणभर थांबलो.
मधोमध उभ्या माणसाला
चारही दिशा सारख्याच.

"वर," मी म्हटलं.